भाडेपट्ट्याची मोटार परत करतांना टायरांच्या झिजेची आकारणी

बैलगाडीच्या चाकास जी लोखंडी धांव चढवीत, ती किती झिजली हें पाहण्यास कोणास मोजपट्टी लागत नसे. धांव सैल झाली, चाक बोलूं लागलें, कीं गाडीचा मालक लोहाराकडे जाई. गाडी कोणी चार दिवस भाड्यानें नेली, तर परत देतेवेळीं धांवेच्या झिजेचे पैसे निराळे मागितल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आज मात्र पळस्पे फाट्यावरून रोज जाणाऱ्या हजारों मोटारींपैकीं कित्येक मोटारी चालविणाऱ्याच्या मालकीच्या नसून भाडेपट्ट्याच्या असतात, आणि त्या परत करण्याच्या दिवशीं टायरवरील रबर मिलीमीटरच्या दशांशापर्यंत मोजलें जातें. हें मोजमाप कसें होतें, त्यांत रास्त काय व गैर काय, हें आपल्या सभासदांस ठाऊक असणें जरूर झालें आहे. म्हणून हा लेख.

पनवेल तालुक्यांतील शेतकऱ्याची स्थिति वाचकांस नव्यानें सांगावयास नको. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. ज्या घरांची भातशेती ह्या उलाढालींत गेली अथवा तोकडी झाली, त्यांपैकीं पुष्कळांनीं मोटारीचा जोडधंदा धरिला. उरलेल्यांसही वाशीचा बाजार, पनवेलची कचेरी व अलिबागचें न्यायालय ह्यांच्यामुळें मोटारीवांचून चालेनासें झालें. मोटार विकत घेण्यास एकरकमी पैसा लागतो अथवा कर्जाचा बोजा होतो. त्याऐवजीं दोन, तीन किंवा चार वर्षांच्या मुदतीनें, दरमहा ठराविक रक्कम देऊन मोटार वापरावी व मुदत संपतांच परत करावी, हा मार्ग पूर्वीं फक्त मोठ्या कचेऱ्यांपुरता होता. २०२० च्या सुमारास मोटारी बनविणाऱ्या कांहीं कंपन्यांनींच तो सामान्य गिऱ्हाइकासही खुला केला. मार्ग वाईट नाहीं. परंतु त्याचें शेवटचें पान बहुतेक लोक वाचीत नाहींत, व झिजेची आकारणी नेमकी त्याच पानावर लिहिलेली असते.

आम्हीं स्वतःही तें पान वाचलें नव्हतें. तीन वर्षांच्या मुदतीनें व ४५,००० किलोमीटरच्या मर्यादेनें घेतलेली मोटार आम्हीं मुदतीच्या आंत, मर्यादेच्या आंत परत केली. कंपनीच्या माणसानें प्रत्येक टायरच्या खांचेंत खोली मोजण्याची बारीक सळई एकदांच खुपसली, कागदावर कांहीं आंकडे टिपले, आणि पंधरा दिवसांनीं आमच्या अनामत रकमेंतून चार टायरांचे, प्रत्येकीं ६,४०० प्रमाणें, २५,६०० रुपये वळते केल्याचें पत्र आलें. करारांत 'किमान ३ मिलीमीटर खोली' इतकेंच शब्द होते. ती खोली कोणत्या खांचेंत मोजावी, कमी भरल्यास पूर्ण टायरची किंमत घ्यावी कीं कमी पडलेल्या भागापुरती, ह्याविषयीं एक अक्षरही नव्हतें. पुढें काय झालें तें योग्य ठिकाणीं सांगूं.

प्रथम टायरची रचना. जमिनीस टेकणाऱ्या पृष्ठभागावर जी नक्षी असते तींत मुख्य अशा तीन-चार खांचा टायरभोंवतीं फिरलेल्या असतात. मोटारीच्या नव्या टायरमध्यें ह्या खांचांची खोली सुमारें ८ मिलीमीटर असते. टायरच्या जातीप्रमाणें थोडी अधिकउणी. खांचांच्या तळाशीं ठराविक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे ठेविलेले असतात. त्यांची उंची १.६ मिलीमीटर असते. टायरच्या कडेवर जेथें लहानसा त्रिकोण किंवा इंग्रजी 'टी डब्ल्यू आय' हीं अक्षरें दिसतात, त्याच्या सरळ रेषेंत खांचेंत पाहिल्यास हा उंचवटा सांपडतो. भोंवतालचें रबर झिजून त्याच्या पातळीस आलें, कीं टायरचें आयुष्य कायद्यानेंच संपलें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९४ प्रमाणें दुचाकी व तिचाकी वाहनांस ०.८ मिलीमीटर, आणि इतर मोटार वाहनांस १.६ मिलीमीटर, ह्याहून कमी खोलीचा टायर वापरतां येत नाहीं.

म्हणजे ८ मिलीमीटरपैकीं गिऱ्हाइकाच्या उपयोगाचें रबर ६.४ मिलीमीटर एवढेंच. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

कायदा १.६ वर संतुष्ट असतां भाडेपट्ट्याच्या कंपन्या ३ मिलीमीटर कां मागतात, असा प्रश्न कोणीही करील. मागणी सर्वस्वीं अन्यायाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. खांचांचें काम शोभेचें नव्हे, पाणी बाहेर लोटण्याचें आहे. आपल्या कोंकणांतील पावसांत रस्त्यावर पाण्याचा थर सांचतो. उथळ खांचांतून तें पाणी वेळेवर निघून जात नाहीं, टायर पाण्यावर तरंगूं लागतो, आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढें सरकते. कर्नाळ्याच्या खिंडींत आषाढांत ज्यांनीं गाडी हांकली आहे त्यांस हें अधिक सांगण्याची गरज नाहीं. शिवाय परत आलेली मोटार कंपनीस विकावयाची असते, व विकत घेणारा टायर आधीं पाहतो. परदेशांतही दोन्ही रीति आहेत. ब्रिटनमध्यें मोटारी भाड्यानें देणाऱ्यांच्या संघानें रास्त झीज कोणती ह्याची पुस्तिका काढिली आहे, व तींत टायर तेथील कायद्याप्रमाणें असला, म्हणजे मधल्या तीन-चतुर्थांश रुंदींत १.६ मिलीमीटर भरला, कीं पुरे मानतात. अमेरिकेंतील करारांत बहुधा एक-अष्टमांश इंच, म्हणजे जवळजवळ ३.२ मिलीमीटर, अशी अट असते. आपल्याकडे सर्वांस बांधणारी अशी एकच पुस्तिका नसल्यामुळें ज्याच्या त्याच्या करारांत असेल तें प्रमाण.

आतां झिजेचे प्रकार, कारण वाद बहुधा येथेंच होतो. टायर सर्व रुंदीभर सारखा झिजला असेल तर ती वापराची झीज होय. मधला भाग झिजून कडा शाबूत राहिल्या तर हवा प्रमाणाबाहेर भरली जात होती. उलट, दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत राहिला तर हवा कमी होती. आणि हा दोष आमच्याकडे फार आढळतो, कारण हवा आहे कीं नाहीं हें आपण टायरास लाथ मारून ठरवितों! हवेचें योग्य माप चालकाच्या दारापाशीं लाविलेल्या पट्टीवर लिहिलेलें असतें, व तें टायर थंड असतांना पाहावयाचें असतें. एकाच बाजूची कड झिजली तर चाकांची दिशा बिघडलेली समजावी. त्यास व्हील अलाइनमेंट करून घ्यावें लागतें. टायरावर जागोजाग खड्डे-उंचवटे पडले असतील तर धक्के शोषणारे भाग निकामी झाले असण्याचा संभव असतो.

पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा ८४ किलोमीटरांचा पट्टा रुंद करण्याचें काम २०११ सालीं हातीं घेतलें गेलें, आणि त्यानंतरच्या कित्येक पावसाळ्यांत तेथील खड्ड्यांनीं किती गाड्यांचीं चाकें वांकडीं केलीं त्याची गणती नाहीं. एका खड्ड्यांत चाक आदळलें तरी दिशा बिघडूं शकते. गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढूं लागते. चालक सवयीनें सुकाणू किंचित् फिरवून धरितो, व टायरची एक कड किलोमीटरागणिक खरवडली जाते. आमच्या मोटारीचें असेंच झालें. पेणच्या वाटेवर चाक आदळल्यापासून गाडी ओढत होती, हें आम्हांस कळत होतें. दुरुस्ती आज करूं, उद्यां करूं म्हणत आम्हीं चार महिने घालविले. परिणामीं पुढील दोन टायरांच्या बाहेरच्या खांचेंत २.२, मधल्या खांचेंत ३.४, व आंतल्या खांचेंत ३.८ मिलीमीटर असें माप भरलें. मागील दोन्ही टायर सर्वत्र ४ च्या वर होते.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्यें दुसऱ्याची जंगम वस्तु ठेवीनें किंवा भाड्यानें ताब्यांत घेणाराचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. कलम १५१ प्रमाणें त्यानें ती वस्तु, सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूस जपेल तितकी जपली पाहिजे. कलम १५२ म्हणतें कीं, तशी काळजी घेतल्यावर वस्तु खराब झाली तर, विशेष करार नसल्यास, तो जबाबदार नाहीं. 'विशेष करार नसल्यास' हे शब्द महत्त्वाचे; भाडेपट्ट्याच्या छापील कागदांत विशेष करार असतोच, व ३ मिलीमीटरची अट हा तोच करार. पण कलम १५० वाचण्यासारखें आहे. भाड्यानें दिलेल्या वस्तूंत दोष असेल, तर तो देणारास ठाऊक असो वा नसो, त्यापासून होणाऱ्या नुकसानीस तो जबाबदार असतो. सबब मोटार प्रथम हातीं आली तेव्हांच चाकांची दिशा बिघडलेली होती असें दाखवितां आलें, तर एकाच कडेची झीज भाडेकऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

दंडाविषयीं कलम ७४ आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असें लिहिलें असलें, तरी ती रक्कम कमाल मर्यादा मानून तिच्या आंत वाजवी तेवढीच भरपाई मिळावी, असा त्याचा आशय आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९६३ सालीं फतेचंद विरुद्ध बालकिशन दास ह्या खटल्यांत हें तत्त्व स्पष्ट केलें. घराच्या भाडेपट्ट्यासंबंधीं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्येंही वाजवी झीज वगळूनच घर पूर्वस्थितींत परत करण्याची जबाबदारी सांगितली आहे. तो कायदा स्थावराचा असल्यामुळें मोटारीस लागूं नाहीं, पण वापरामुळें होणारी झीज भाड्यांतच मोजलेली असते, हा विचार दोन्हीकडे एकच.

ह्यावरून वाजवी आकारणी कशी काढावी तें पाहूं. टायर ६,४०० रुपयांचा, उपयोगाचें रबर ६.४ मिलीमीटर, म्हणजे दर मिलीमीटरास १,००० रुपये. कराराप्रमाणें ३ मिलीमीटर असावयास हवे होते, भरले २.२. तूट ०.८ मिलीमीटर, म्हणजे ८०० रुपये. दोन टायरांचे १,६००. कंपनीनें मात्र दोन नव्हे चार टायरांची, आणि तीही नव्या टायरची पूर्ण किंमत मागितली होती. नवा टायर घेऊन कंपनी ३ मिलीमीटर हक्काच्या जागीं ८ मिलीमीटर मिळवीत होती. वरच्या ५ मिलीमीटरांचा पैसा भाडेकऱ्यानें कां द्यावा? आम्हीं तीन पत्रें लिहिलीं, प्रत्येक खांचेंतील मापाचीं छायाचित्रें जोडलीं. मागील टायरांची आकारणी कंपनीनें मागें घेतली, व पुढील दोहोंस अर्धी किंमत लाविली. एकूण ६,४०० रुपये. आमच्या हिशेबाहून ही रक्कम चौपट होती. तरीही आम्ही तेथेंच थांबलों. थांबावयास नको होतें, असें आज वाटतें.

आणखी एक दुहेरी आकारणी ध्यानांत घ्यावी. ठरलेल्या किलोमीटरांहून गाडी जास्त चालली तर दर किलोमीटरास निराळा दर द्यावा लागतो. त्या दरांत गाडीची झीज धरलेलीच असते. तो दर घेऊन वर त्याच जादा किलोमीटरांमुळें झिजलेल्या टायरांचेही पैसे मागणें म्हणजे एकाच भाताची दोनदां मळणी करणें होय. करार करतांनाच हें विचारून घ्यावें. कांहीं करारांत देखभालीचा खर्च मासिक रकमेंत धरलेला असतो व ठराविक किलोमीटरांनंतर ठराविक संख्येनें नवे टायर कंपनीच घालून देते. तसा करार असतां लोक ते टायर मागून घेतच नाहींत, आणि शेवटीं झिजेचा दंड मात्र भरतात.

मुदतीच्या मध्यावरच आपला अंदाज बांधतां येतो. समजा, २४,००० किलोमीटर झाल्यावर खोली ५ मिलीमीटर भरली. तीन मिलीमीटर गेले, म्हणजे दर ८,००० किलोमीटरांस एक मिलीमीटर. ३ पर्यंत यावयास आणखी दोन मिलीमीटर, म्हणजे १६,००० किलोमीटर शिल्लक. ४०,००० वर अट मोडेल, आणि करार ४५,००० चा आहे. हें आधीं कळल्यास उपाय आहेत. दर दहा हजार किलोमीटरांच्या सुमारास पुढील-मागील टायरांची अदलाबदल केली, व स्टेपनी त्याच मापाची असल्यास तिलाही फेऱ्यांत घेतलें, तर झीज चारांऐवजीं पांचांत वांटली जाते. टायर बदलावयाचेच झाले तर बाजारांतील भाव व कंपनीचा भाव दोन्ही विचारावे. त्याच मापाचा, तेवढेंच वजन व वेग पेलणारा टायर घ्यावा. जुन्यावर नवें रबर चढविलेला टायर बहुधा नाकारला जातो. पण परत देण्याच्या आदल्या आठवड्यांत चार कोरे टायर घालून मोटार देणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ८ मिलीमीटर भेट दिले, मागितले होते तीन.

हाच न्याय ट्रॅक्टरास लागूं आहे. तासावर, चालकासह घेतलेल्या ट्रॅक्टराची झीज मालकाची असते, त्यांत वाद नाहीं. परंतु औजारे बँकेकडून किंवा एखाद्या संस्थेकडून ट्रॅक्टरच हंगामापुरता ताब्यांत घेतला, तर मागील मोठ्या टायरांच्या दांत्यांची उंची घेतांना व देतांना लिहून ठेवावी. चिखलणींत हे दांते फारसे झिजत नाहींत. डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढण्यानें झपाट्यानें झिजतात. शेतासाठीं घेतलेला ट्रॅक्टर विटांच्या खेपांस लावला, तर ठरल्याबाहेरच्या वापराची नुकसानी कलम १५४ प्रमाणें घेणारावर येते, मग त्यानें कितीही काळजी घेतलेली असो.

मोटार हातीं घेण्याच्या दिवशीं काय करावें, हें परत देण्याच्या दिवसाहून महत्त्वाचें आहे. प्रत्येक टायरच्या कडेवर शेवटीं चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ३२२३ म्हणजे २०२३ सालचा बत्तिसावा आठवडा. हे आंकडे, बनविणाराचें नांव, आणि बाहेरची, मधली व आंतली अशा तिन्ही खांचांची खोली ताबेपावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या. वापरलेली मोटार भाडेपट्ट्यानें मिळत असेल तर ह्याची निकड दुप्पट, कारण ५ मिलीमीटरच्या टायरांनीं दिलेल्या गाडीचा हिशेब ८ पासून करूं लागल्यास आपल्या हातीं पुरावा हवा. खोली मोजण्याचें साधन टायरच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतें. परत देतांना पुन्हां तिन्ही खांचांचें माप आपल्या समक्ष घ्यावयास लावावें, स्टेपनी व जॅक दिल्याची नोंद करवावी, आणि मापाच्या कागदाची प्रत हातीं आल्यावांचून किल्ली सोडूं नये. कोरा किंवा अर्धवट भरलेला कागद सहीसाठीं पुढें केल्यास 'मापाविषयीं तक्रार राखून' असें सहीवर लिहावें.

तरीही अनामत रक्कम अडली, तर प्रथम लेखी हरकत घ्यावी व हिशेबाचा तपशील मागावा. तेवढ्यानें न झाल्यास १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक सहाय्यसेवा आहे. त्यापुढें ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालीं जिल्हा आयोग. आपल्या रायगड जिल्ह्याचा अलिबागेस आहे. दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथें फी पडत नाहीं, वकील देणेंही सक्तीचें नाहीं. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे. धंद्यासाठीं घेतलेल्या गाडीच्या बाबतींत कंपनी 'हा ग्राहक नव्हे' अशी हरकत घेईल. ज्यानें स्वतः राबून पोट भरण्यासाठीं ती घेतली असेल त्यास कायद्यानें सवलत ठेविली आहे, तेव्हां तक्रारींत तें स्पष्ट लिहावें. करारांतील अटच अन्याय्य आहे, दंड नुकसानीच्या मानानें अवाच्या सवा आहे, अशी तक्रार असेल तर ती जिल्हा आयोगापुढें चालत नाहीं, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणून सामान्य सभासदानें अटीवर भांडण्यापेक्षां मापावर व हिशेबावर भांडावें. त्यासाठीं अलिबागची एक एस. टी. पुरते, आणि जोडीस ताबेपावती, मापाचे दोन्ही कागद व टायरांचीं तारखेसह छायाचित्रें असावीं.